डॉसवर लुआ: घोडं अडतं ते डीपीएमआयपाशी

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत ते ४८६ प्रोसेसरचं, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं मशीन दाखवलं आणि खाली कॉमेंटमध्ये एकच धोशा: "यावर पायथन चालेल का?" चालेल हो. पण पायथनसोबत लायब्ररीच्या फायलींचं अख्खं बिऱ्हाड येतं, आणि त्यांची नावं ही एवढी लांब. साध्या डॉसला नाव आठ अक्षरांचं, एक्स्टेन्शन तीन अक्षरांचं, त्यापुढे काही कळत नाही. म्हणून आज लुआ. १९९३ साली रिओ दी जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली प्रोग्रामिंगची भाषा, निव्वळ आन्सी सी मध्ये, म्हणजे प्रमाणित सी भाषेत लिहिलेली. लुआची म्हणून एकच एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल लागते आणि ती फ्लॉपीत सहज मावते.

काय लागेल? डॉस ५ किंवा ६.२२, ३८६ किंवा त्यापुढचा प्रोसेसर, आणि डीजेजीपीपी कंपायलरनं (सी मधल्या कोडची डॉससाठी एक्झी बनवणारं साधन) बनवलेली लुआ ५.१. झिप नव्या कॉम्प्युटरवर उतरवायची, फ्लॉपीवर घालायची, सी ड्राइव्हवर डिरेक्टरी करून कॉपी करायची. हे तुम्हाला येतंच. फक्त झिप उलगडायला डॉसमध्ये पीकेअनझिप वापरणार असाल तर पुढे डॅश डी लावा. नाही लावलं तर आतल्या सगळ्या डिरेक्टऱ्या मोडून फायली एकाच जागी ओतल्या जातात. मग "मॉड्यूल सापडत नाही" म्हणून मला लिहू नका.

[स्क्रीन: सी प्रॉम्प्ट, लुआ टाइप करून एंटर]

आणि आता हा बघा, तुमचा लाडका मेसेज. "लोड एरर: नो डीपीएमआय". या एका ओळीवरून मला जेवढे प्रश्न येतात तेवढे बाकी सगळे मिळून येत नसतील. नीट ऐका. लुआ बिघडलेली नाही, फाइल खराब नाही, फ्लॉपीही बरी आहे.

डॉस हा १६ बिटांचा, प्रोसेसरच्या जुन्या पद्धतीतला, म्हणजे रिअल मोडमधला कारभार. डीजेजीपीपी जी एक्झी बनवतो ती ३२ बिटांची, तिला प्रोसेसरची दुसरी पद्धत, म्हणजे प्रोटेक्टेड मोड हवा. या मोडमधून त्या मोडमध्ये नेणारा कुणीतरी मध्यस्थ लागतो, आणि त्या मध्यस्थाशी कसं बोलायचं याचा ठरलेला करार म्हणजे डीपीएमआय. लुआ सुरू होताना आधी विचारते, असा कुणी मेमरीत बसलाय का? उत्तर आलं नाही तर ती सीडब्ल्यूएसडीपीएमआय नावाची एक्झी शोधते. तीही नाही मिळाली, की हा मेसेज. उपाय काय, तर ती छोटीशी एक्झी लुआच्या शेजारी, त्याच डिरेक्टरीत ठेवा, नाहीतर पाथमधल्या, म्हणजे डॉस जिथे जिथे प्रोग्रॅम शोधतो त्या यादीतल्या, कुठल्याही डिरेक्टरीत ठेवा. झालं!

तरी कॉमेंट येणारच: "दादा, माझ्या कॉन्फिग डॉट सिसमध्ये हायमेम आहे, ईएमएम३८६ पण आहे, मग?" मग काही नाही. कॉन्फिग डॉट सिस ही डॉस सुरू होताना वाचतो ती फाइल, आणि हे दोघे तिच्यातून लोड होणारे, मेमरी सांभाळणारे ड्रायव्हर. हायमेम एक्सएमएस मेमरी देतो, ईएमएम३८६ ईएमएस देतो. डीपीएमआय या दोघांपैकी कुणीच देत नाही. सीडब्ल्यूएसडीपीएमआय त्या दोघांकडून मेमरी मागून घेतो, त्यांच्याशी त्याचं भांडण नाही, पण त्याचं काम ते करत नाहीत. माझ्या एका मित्रानं हा मेसेज बघून रॅमच्या पट्ट्या बदलल्या. का, तर कुणीतरी खाली लिहिलं होतं, "रॅम वाढवा". अहो, मेसेजमध्ये रॅम हा शब्द तरी आहे का?

दुसरा प्रश्न यापेक्षा गमतीचा. "विंडोज ९५ मध्ये हीच लुआ चालत होती, आता चालत नाही." बरोबर आहे. विंडोज ९५ च्या आतली डॉसची खिडकी उघडता तेव्हा डीपीएमआय विंडोज स्वतःच पुरवतं. तेच मशीन एमएस-डॉस मोडमध्ये रीस्टार्ट केलं की विंडोज गेलं, त्याच्याबरोबर डीपीएमआयही गेलं. काही व्हिडिओंमध्ये "फक्त कॉपी करा आणि चालवा" सांगतात ना, त्यातले बरेचसे विंडोजच्या खिडकीत चालवून दाखवलेले असतात. नीट बघा, वर टायटल बार दिसतो. माझी चिडचिड होते ती इथे. आणि डॉसबॉक्सवाल्यांनो (नव्या कॉम्प्युटरवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम तो), तुम्हीही सुटला नाहीत. डॉसबॉक्स स्वतःहून डीपीएमआय देत नाही, तिथेही ती एक्झी शेजारी ठेवावीच लागते.

प्रत्येक वेळी लोड होण्याचा कंटाळा आला तर आधी सीडब्ल्यूएसडीपीएमआय डॅश पी असं चालवा, तो मेमरीत ठाण मांडून बसतो. डॅश यू दिलं की उठतो.

[स्क्रीन: आता लुआचा प्रॉम्प्ट]

चालली! ५.१ मध्ये इथे नुसतं दोन अधिक दोन लिहून उत्तर मिळत नाही हं, आधी बरोबरचं चिन्ह टाकायचं. ५.३ पासून ती कटकट गेली.

४८६ एसएक्स वाल्यांसाठी मात्र एक वेगळीच अडचण आहे. एसएक्समध्ये गणिताचा कोप्रोसेसर नसतो, डीएक्समध्ये असतो. आणि लुआ ५.१ मध्ये प्रत्येक संख्या डबल असते, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट. एक ते दहा मोजणारा साधा फॉर लूपसुद्धा कोप्रोसेसर मागतो. तुमच्याकडे नसेल तर कोप्रोसेसरची नक्कल करणारी डीजेजीपीपीची एम्युलेटर फाइल जोडून तिचा पत्ता डॉसच्या ईएमयू३८७ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये सेट करा. चालेल, पण कूर्मगतीनं.

स्क्रिप्ट कशात लिहायची? डॉसच्या एडिटमध्ये. एकानं जागा वाचवायला क्यूबेसिक उडवलं आणि विचारलं, एडिट का उघडत नाही. डॉस ५ आणि ६ मधलं एडिट क्यूबेसिकच्याच जिवावर चालतं, म्हणून. फाइल नव्या कॉम्प्युटरवर लिहून आणणार असाल तर यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) ठेवा, पण बीओएम या सुरुवातीच्या खुणेशिवाय. सुरुवातीचे ते तीन न दिसणारे बाइट ५.१ ला ओळखता येत नाहीत, पहिल्याच ओळीला ती अडते. ५.२ पासून ते गाळले जातात.

आता हमखास येणारा प्रश्न, मराठी छापता येईल का? स्क्रीनवर नाही. डॉसचं कोड पेज एका बाइटला एक खूण दाखवतं, आणि देवनागरीचा प्रत्येक युनिकोड घटक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा. "नमस्ते" छापलं तर रेघोट्या आणि चित्रविचित्र अक्षरांची रांग येते. त्याची लांबी विचारली तर लुआ म्हणते १८. तिचं चुकत नाही, ती बाइट मोजते: न, म, स, हलन्त, त आणि मात्रा, सहा त्रिक अठरा. पण हीच स्ट्रिंग फाइलमध्ये लिहा, ती फाइल फ्लॉपीवरून नव्या कॉम्प्युटरवर न्या आणि उघडा. अक्षर न अक्षर जागेवर असतं.

राहिलं बाहेर पडणं. लिनक्सच्या सवयीनं कंट्रोल-डी दाबत बसू नका, इथे ते चालत नाही. कंट्रोल-झेड, मग एंटर.