बॅटरी उतरते म्हणजे जाते कुठे?

मंडळी, मला ४० मिनिटं दिली होती, त्यातली १२ माझ्या परिचयात गेली. भोसरीला कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्स बघितला, हे त्यात आलं. स्वतःच्या गाडीपुढे १४ महिने गाढवपणा केला, ते राहून गेलं. म्हणून आधी तेच सांगतो.

रिटायर झालो त्या वर्षीचे गणपती. पहाटे सहाला कोकणात निघायचं. डिकी भरलेली, ही मागे मोदकांचा साचा मांडीवर घेऊन बसलेली. मी किल्ली फिरवली. आवाज काय? कट्-कट्-कट्. डॅशबोर्डवरचे दिवे पेटतात, मिणमिणतात, विझतात. मागून प्रश्न आला, "काल बघून ठेवली नव्हती का?" आता याला उत्तर नसतं.

मग धक्का. वॉचमन आला, दूधवाला किटली खाली ठेवून आला, खालच्या मजल्यावरचे काका आले. काकांचा एक हात गाडीला आणि दुसरा सल्ला द्यायला मोकळा. "बॅटरी संपली हो, बदलून टाका." पुण्यात धक्का एक मिळाला तर सल्ले तीन मिळतात. (हशा) हसू नका, ते काका दुसऱ्या रांगेत बसलेत. दुसरा गिअर, क्लच सोडला, गाडी सुरू झाली. तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर मात्र धक्क्याच्या भानगडीत पडू नका. ती तशी सुरू होत नाही, नुसताच व्यायाम होतो.

परत आल्यावर दुकानात गेलो. नाव सांगत नाही. त्याने लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीतून एकदम मोठा करंट ओढून बघणारं यंत्र लावलं, काटा लाल पट्ट्यात पडला. "साहेब, बॅटरी गेली." घातली नवी. सात महिन्यांत पुन्हा पुन्हा कट्-कट्. पुन्हा तोच टेस्टर, तोच काटा. आणि वॉरंटी? "उतरलेली बॅटरी वॉरंटीत बसत नाही." म्हणजे विकताना 'गेली' आणि भरपाई मागितली की 'उतरलेली'! तिसरीचे पैसे मोजले तेव्हा हिने फक्त माझ्याकडे बघितलं.

माझी खरी तक्रार पैशाची नाही. चार दिवसांच्या उपाशी माणसाला पर्वती चढायला लावायची आणि तो बसला की म्हणायचं, याचं हृदय गेलं! अहो, आधी जेवू घाला. बॅटरी पूर्ण चार्ज करून मगच लोड टेस्ट करायची असते. उतरलेली बॅटरी त्यात नापासच होणार. उतरलेली तशीच पडून राहिली तर प्लेटांवरचं लेड सल्फेट घट्ट होतं, मग ती चार्जिंग घेत नाही आणि खरोखरच मरते. माझ्या पहिल्या दोन मेल्या असतील, नाही म्हणत नाही. पण तो खून होता आणि आम्ही प्रेत बदलत बसलो होतो.

तसं हे यंत्र जुनं आहे. शिशाची बॅटरी प्लांटे या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये केली. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला. त्याआधी हँडल मारायचं, आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. असो, हा वेगळा विषय आहे. कुणी बोलावलं तर त्यावरही येईन.

मग मी कारखान्यातल्यासारखा विचार केला. गाडी तीच. बदललं काय? मी रिटायर झालो, हाच बिघाड! कोथरूड ते भोसरी रोज जाऊन-येऊन अल्टरनेटर, म्हणजे आपला डायनमो, बॅटरी भरून काढायचा. रात्री बंद गाडीत कुणी चोरून थोडी वीज प्यायलं तरी कळायचं नाही. आता गाडी रविवार ते रविवार उभी. चोर जुनाच, पहारा उठला.

आयोजकांची चिठ्ठी आली. सात मिनिटं उरली. बरं, ज्यासाठी तुम्ही आलात ते आता पळत पळत सांगतो.

पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर मोजायचा मीटर मिळतो, १० अँपिअरचं भोक असलेला घ्या. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा. काही तास उभी ठेवून १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. गाडी सुरू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग ठीक. मग गाडी बंद, किल्ली लांब. बॉनेट आणि दार उघडंच ठेवायचं, पण त्यांची कुलपं स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करायची, म्हणजे गाडीला वाटतं सगळं लागलंय. १० नंबरच्या पान्याने निगेटिव्हची केबल काढा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून केबल आणि बॅटरीच्या मध्ये मीटर जोडा. आता किल्ली फिरवायची नाही! स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, मीटर जळेल.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. घाबरू नका, केबल जोडल्यावर गाडीतले छोटे संगणक जागे होतात. त्यांना झोपायला अर्धा-पाऊण तास द्या, चहा घ्या. मग ५० मिलिअँपिअरच्या, म्हणजे ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर चोर नाही. माझा आकडा ०.३८ अँपिअर. गुणिले चोवीस तास, म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-तास गेले आणि बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कट्-कट् होणारच.

मग एकेक फ्यूज काढायचा आणि मीटरकडे बघायचं. नव्या गाड्यांत फ्यूज काढला-घातला की संगणक परत जागे होतात, तिथे फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टिंबांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य आला नाही तर तिथून करंट वाहतोय. माझा रेडिओचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर आला. म्युझिक सिस्टिम! रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी हौसेने बसवलेली. पिवळी वायर कायम चालू असते, लाल किल्लीवर हवी. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून टेप मारली होती. स्क्रीन काळी, पण पोटात सगळं जागं. लाल वायर किल्लीच्या लाइनला जोडली, संपलं.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर डायनमोचा डायोड, म्हणजे करंट उलटा जाऊ न देणारा भाग बघा, पण त्याची जाड वायर सोडवायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं असू द्या.

काका हात वर करतायत. "रोज पाच मिनिटं गाडी चालू ठेवली तर?" काका, पाच मिनिटांत फार तर एखादा-दीड अँपिअर-तास आत जाईल. माझा चोर नऊ प्यायचा.

आणि काम झाल्यावर मीटरची लाल वायर आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला. मी विसरलो, तसाच बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलो, ठिणगी उडाली आणि मीटरचा फ्यूज आणायला पुन्हा पासोड्या विठोबाच्या दारात उभा राहिलो.