गौरी कधी आणायच्या?

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती बसले की दुसऱ्याच दिवशी घराघरांतून विचारणा सुरू होते, गौरी कधी आहेत? आणि पुष्कळदा गेल्या वर्षीच्या आठवणीवरून उत्तर दिलं जातं. मागच्या खेपेला सहाव्या दिवशी बोळवल्या, म्हणजे यंदाही सहाव्या. घोळ इथेच होतो. 2023 साली गौरी गेल्या त्या गणपतीच्या पाचव्या दिवशी, 2024 साली सहाव्या दिवशी, आणि 2025 साली सातव्या दिवशी. गणपती येतो तिथीवर, चतुर्थीला. गौरी येतात नक्षत्रावर. एवढं एक ध्यानात ठेवा: अनुराधेवर आणायच्या, ज्येष्ठेवर पुजायच्या, मुळावर बोळवायच्या.

चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र ओलांडतो. पण त्याची चाल एकसारखी नसते. कधी एकवीस-बावीस तासांत नक्षत्र संपतं, कधी सव्वीस-सत्तावीस तास लागतात. भाद्रपदाची पौर्णिमा पूर्वा किंवा उत्तरा भाद्रपदा नक्षत्राच्या आसपास होते. ज्येष्ठा त्याच्या सात-आठ नक्षत्रं अलीकडे. म्हणून पूजनाच्या दिवशी सप्तमी, अष्टमी किंवा नवमी असते आणि आकाशात अर्ध्याच्या जवळपासचा चंद्र असतो. त्या संध्याकाळी ढग नसतील तर आरतीनंतर मुलांना गच्चीवर न्या. दक्षिणेकडून नैर्ऋत्येपर्यंत नजर फिरवली की चंद्राच्या जवळपास एक तांबूस तारा दिसेल. तीच ज्येष्ठा.

ज्योतिषात अनुराधा हे मृदू नक्षत्र मानलं आहे, देवता मित्र. पाहुणीला घरात घ्यायला याहून चांगलं नक्षत्र कुठलं? ज्येष्ठेची देवता इंद्र, मुळाची निर्ऋती, आणि ही दोन्ही नक्षत्रं तीक्ष्ण गणातली. मुळावर जन्म झाला तर शांत करतात, ते ठीक आहे. पण मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट म्हणून चांगली स्थळं परत पाठवणारी माणसं अजून आहेत, आणि हे मला अजिबात पटत नाही. ज्या नक्षत्रावर आपण घरच्या लक्ष्मीची ओटी भरतो, तिला पुढच्या वर्षी ये म्हणतो, त्याच नक्षत्रावर जन्मली म्हणून एखाद्या मुलीला नावं ठेवायची? असो. विषय गौरींचा आहे.

आता कहाणी. तुम्ही ती ऐकलेली आहे, तरी पुन्हा ऐका, कारण गौरीच्या तीन दिवसांचा सगळा विधी या कहाणीत आहे.

आटपाट नगर होतं. तिथं एक गरीब ब्राह्मण होता. भाद्रपद लागला. शेजारीपाजारी गौरी आल्या, घंटा वाजायला लागल्या. मुलं आईला म्हणाली, आपल्याकडे गौर का नाही? आई म्हणाली, बाळांनो, गौर आणायची तर नैवेद्य हवा, पूजेला सामान हवं. बाबांना सांगा, सामान आणलं तर मी गौर आणीन. मुलं बापाकडे गेली. बापाच्या पोटात कालवाकालव झाली. पोरांचा हट्ट खोटा नव्हता, पण हातात काही नव्हतं. तो उठला आणि जीव द्यायचा म्हणून तळ्याकडे निघाला.

वाटेत दिवस मावळला. समोरून एक म्हातारी सवाष्ण आली. तिनं विचारलं, का रे बाबा, असा का दिसतोस? त्यानं सगळं सांगितलं. तिनं समजूत घातली आणि तो तिलाच घरी घेऊन आला. बायको दिवा घेऊन दाराशी आली, म्हणाली, पाहुण्या कोण? तो म्हणाला, आजी आहे.

इथे क्षणभर थांबा. गौर घरी आली ती दिवेलागणीला, आणि तळ्याच्या वाटेवरून. म्हणून पुष्कळ घरांत गौरी संध्याकाळी आणतात. खड्याच्या गौरी असतात तिथे पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणायचे. आणणारी मुलगी वाटेत बोलत नाही, मागे वळून बघत नाही. दाराशी तिच्या पायांवर दूध-पाणी घालायचं, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, रांगोळीच्या पावलांवरून तिला आत घ्यायचं. आता अडचण कुठे येते? अनुराधा कधी दुपारीच संपते, आणि घर संध्याकाळची वाट बघत बसतं. पंचांगात आवाहनाच्या दिवशी 'अमुक वाजेपर्यंत' असं दिलेलं असतं. त्या वेळेच्या आत खडे किंवा मुखवटे जागेवर बसवून घ्या. साड्या, दागिने, आरास रात्री दहापर्यंत चालू राहिली तरी काही बिघडत नाही. बसवणं वेळेत, सजवणं सवडीनं.

तर म्हातारी घरात आली. रात्री तिला खायला काय द्यायचं म्हणून बायको कण्यांचं मडकं बघायला गेली. तळाशी मूठभर कण्या असतील असं तिला वाटलं, बघते तर मडकं काठोकाठ भरलेलं. सगळ्यांनी पोटभर पेज प्यायली. म्हणून पहिल्या दिवशी गौरीला साधं जेवण. देशावर भाजी-भाकरी, त्यातही मेथी नाहीतर शेपू. पहिल्याच दिवशी पक्वान्नांचा घाट घालून घरच्या बायका रात्री बारापर्यंत ओट्याशी उभ्या राहतात, ते बरोबर नाही. कहाणीतली गौर पहिल्या रात्री पेज पिऊन निजली.

सकाळी म्हातारीनं ब्राह्मणाला हाक मारली. म्हणाली, मला न्हाऊ घाला, आणि आज घावन-घाटलं करा. नाही म्हणू नका, रडगाणं गाऊ नका. तो भिक्षेला गेला. रोज दारं मिटायची, त्या दिवशी झोळी भरली. गूळ मिळाला, तांदूळ मिळाले. बायकोनं स्वयंपाक केला, मुलंबाळं तृप्त झाली.

घावनाचं सांगते, कारण ते बिघडतं फार. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळलेलं पीठ घ्या. एक वाटी पिठाला दीड ते दोन वाट्या पाणी, चवीपुरतं मीठ. पीठ ताकासारखं पातळ हवं. तांदळाचं पीठ तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक घावनाआधी तळापासून ढवळायचं. ते विसरलं की पहिली घावनं पातळ आणि शेवटची जाड होतात. बिडाचा तवा चांगला तापू द्या. तवा कमी तापला की घावन चिकटतं, आणि मग दोष पिठाला जातो. घाटल्याला नारळाच्या दुधात गूळ विरघळवून थोडं तांदळाचं पीठ लावायचं आणि मंद आचेवर सारखं ढवळायचं. भरभरून उकळी आणलीत तर नारळाचं दूध फुटतं.

तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, आज खीर करा. ब्राह्मण म्हणाला, आजी, दूध कुठून आणू? ती म्हणाली, तुला जितक्या गाई-म्हशी हव्यात तितक्या खुंट्या अंगणात पूर, दावी बांधून ठेव. संध्याकाळी एकेकीचं नाव घेऊन हाक मार. त्यानं तसं केलं. हाका मारल्या, आणि गाई-म्हशी वासरांसकट धावत आल्या. गोठा भरला, दुधाच्या धारा निघाल्या. खीर झाली.

या कहाणीतली मला सर्वांत आवडणारी जागा हीच. म्हातारीनं गाई आयत्या आणून दिल्या नाहीत. खुंट्या त्यानं पुरल्या, दावी त्यानं बांधली, नावं त्यानं घेतली, मग गाई आल्या.

जेवणं झाली. म्हातारी म्हणाली, बाबा, आता मला पोचती कर. ब्राह्मण घाबरला. तुम्ही गेलात की हे सगळं जाईल. ती म्हणाली, जाणार नाही. ज्येष्ठा गौर म्हणतात ती मीच. दरवर्षी भाद्रपदात तळ्याच्या पाळीवरून दोन खडे आणा, ऊन पाण्यानं धुवा, ज्येष्ठा आणि कनिष्ठा म्हणून मांडा. दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं, तिसऱ्या दिवशी खीर-पोळी, सवाष्णीची ओटी, आणि संध्याकाळी बोळवण. जाताना तिनं त्याला वाळू दिली. म्हणाली, ही घरभर टाक, मडक्यांवर टाक, पेटीत टाक, गोठ्यात टाक, कशालाही तूट पडणार नाही.

म्हणून खडे विसर्जन करून परत येताना पाणवठ्यावरची चिमूटभर वाळू आणतात आणि घरात, परसात टाकतात. मुखवट्यांच्या गौरी असतील तर मूळ लागल्यावर अक्षता वाहून मुखवटे जागेवरून हलवायचे, की बोळवण झाली. कहाणीत सवाष्णीची ओटी सांगितली आहे, ती जरूर भरा. पण हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा काकूंनाही बोलवा, मान द्या. घरात लक्ष्मी बसलेली असताना एका बाईला दाराबाहेर ठेवणं कुठल्याही शास्त्राला शोभणारं नाही.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून भराभर सांगते.

उभ्या गौरींची कोठी किंवा लोखंडी स्टँड हलका असतो आणि पितळी मुखवटा जड, म्हणून गौर पुढे कलंडते. कोठीच्या तळाशी गहू किंवा तांदूळ भरा, वजन खाली आलं की ती स्थिर राहते. रेशमी साडी लोखंडावरून घसरते, आधी सुती परकर घट्ट बांधा. मुखवटा मानेत सैल बसत असेल तर दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळा. समई पदरापासून निदान हातभर लांब ठेवा.

पूजनाच्या पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजली की चाळणीत कटाचं पाणी पूर्ण निथळू द्या. पाणी राहिलं की पुरण सैल होतं आणि पोळी फुटते. गूळ घालून आटवताना उलथनं पुरणात उभं राहिलं की गॅस बंद. गुळाची खीर असेल तर गूळ उकळत्या दुधात टाकू नका, दूध फाटतं. खीर उतरवून कोमट झाल्यावर गूळ मिसळा. विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्म्यांना सोळा भाज्या असतात. त्या वेगवेगळ्या सोळा पातेल्यांत करायलाच हव्यात असं नाही, एकत्र भाजी केली तरी सोळा मोजून भरतात.

कोकणात नव्या नवरीचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे सुपात भरून ठेवायचं वाण, असतो, तिथे पूर्वा फाल्गुनी नक्षत्र बघतात. ते चंद्राचं नाही, सूर्याचं. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या साधारण तेरा तारखेपर्यंत सूर्य पूर्वात असतो. गौरी त्याआधी किंवा त्यानंतर आल्या तर पहिला ओवसा पुढच्या वर्षावर जातो. सूप आणण्याआधी तारीख बघून घ्या.

परदेशातल्या श्रोत्यांनो, नक्षत्र संपण्याचा क्षण सगळ्या जगाला एकच असतो, घड्याळं वेगळी. भारतात अनुराधा संध्याकाळी साडेपाचला संपत असेल तर लंडनला तेव्हा दुपारचा एक आणि न्यूयॉर्कला सकाळचे आठ वाजलेले असतात. म्हणजे न्यूयॉर्ककरांनी गौरी त्या सकाळी आठच्या आत किंवा आदल्या संध्याकाळी आणायच्या. आदल्या दिवशी तुमच्याकडे अनुराधा कधी लागते तेही बघा. अनुराधेवर आणायच्या, ज्येष्ठेवर पुजायच्या, मुळावर बोळवायच्या, पण तुमच्या गावच्या घड्याळानं.

आणि शेवटचं. पूजेतला हळदीत रंगवलेला सोळा पदरी, सोळा गाठींचा दोरा तिसऱ्या दिवशी गळ्यात किंवा हातात बांधतात. ज्या घरांत तशी रीत आहे तिथे तो आश्विन वद्य अष्टमीपर्यंत ठेवायचा. कोठीत भरलेलं धान्य भाद्रपदाच्या दमट हवेत ओलसर झालेलं असतं, ते तसंच डब्यात ओतू नका, टोके पडतात. एक-दोन चांगली उन्हं द्या, मग रोजच्या दळणात मिसळा.

नमस्कार.