गाडीतलं दुसरं इंजिन

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात वागळे इस्टेटला माझं जनरेटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. 22 वर्षं मी हेच काम करतोय. सुरुवातीला सोसायट्यांचे, लग्नाच्या हॉलचे, गणपती मंडळांचे डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, यायचे. मग घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंगं वाढली तशा व्हॅनिटी व्हॅन दारात उभ्या राहायला लागल्या. आता कॅराव्हॅनही येतात. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आपल्याकडची साधी कुटुंबंही चाकांवरचं घर भाड्यानं घेऊन कोकणात, नाशकाला, महाबळेश्वरला जायला लागली. मला याचा आनंद आहे. म्हाताऱ्या आईला बाथरूमसाठी हॉटेल शोधावं लागत नाही, लेकरांना रस्त्यातच गरम वरणभात मिळतो. पण या गाडीत इंजिनं दोन असतात. एक ड्रायव्हरच्या किल्लीवर चालतं. दुसरं मागे, नाहीतर पोटाखाली बसवलेलं असतं, एसी आणि फ्रिज चालवतं, आणि ते चालू आहे हे गाडीतल्या माणसांच्या लक्षातच राहत नाही. आज मी त्या दुसऱ्या इंजिनाबद्दल बोलणार आहे.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात सायन-पनवेल महामार्गावर एका पंपावर मी डिझेलच्या रांगेत होतो. माझ्या पुढे एक कॅराव्हॅन होती. ऐरोलीचं कुटुंब, गावी निघालेलं. पंपावरच्या मुलानं नोझल हातात घेतलं आणि थांबला. म्हणाला, "साहेब, गाडी बंद करा." गाडी चालवणारा तरुण खाली उतरला आणि त्यानं किल्लीच दाखवली. "बंदच आहे, ही बघ." त्याचं खोटं नव्हतं. पुढचं इंजिन बंद होतं. पण मागच्या चाकाजवळच्या जाळीतून घुरघुर येत होती आणि पाइपातून गरम वारा माझ्या पायांवर लागत होता. मी पुढे होऊन सांगितलं, "अरे, जनरेटर चालू आहे तुमचा." तो म्हणाला, "हो काका, तो राहू द्या. बाळ आत्ताच झोपलंय. एसी बंद केला की उठेल. दोन मिनिटांचं तर काम आहे."

कारण खरं होतं. ऑगस्टमधला नवी मुंबईचा घामट उकाडा आपण सगळे जाणतो. बंद गाडीत एसीशिवाय तान्हं मूल दहा मिनिटं राहणार नाही. म्हणून त्याला रागावावंसं मला वाटलं नाही. मी त्याला शेजारच्या लेनकडे बघायला सांगितलं. तिथे पाच-सहा मोटारसायकली पेट्रोल भरत होत्या. त्याची गाडी डिझेलची होती, हे खरं. डिझेल सहजी वाफ धरत नाही. पण पेट्रोल शून्याखाली 40 अंशांतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्या हवेत काय होत असेल! ती वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी पसरते आणि गाडीच्या पोटाखाली शिरते. आणि आपलं दुसरं इंजिन बसवलेलं असतं तिथेच. त्याचा थंड हवेचा पंखा ती हवा खालूनच ओढतो. त्यात भर म्हणून तापलेला सायलेन्सर, ठिणगी पाडणारे रिलेचे, म्हणजे विजेच्या स्विचचे, कॉन्टॅक्ट, पेट्रोलचा जनरेटर असेल तर स्पार्क प्लगची वायर. हवेत पेट्रोलची वाफ शंभरात दीड भागापेक्षाही कमी असली तरी ती पेटते. रांगेत आपण एकटे नसतो. दुसऱ्याच्या टाकीतून उडालेली वाफ आपल्या गाडीखाली येते.

त्यानं जनरेटर बंद केला. बाळ उठलं, रडलं. आजी त्याला खांद्यावर घेऊन हवा भरायच्या मशीनपलीकडे फेऱ्या मारत राहिली. टाकी भरून झाली, गाडी पुढे नेली, मग जनरेटर पुन्हा लावला.

मी त्याला आणखी एक विचारलं, आणि ते तुम्हालाही विचारतो. तुमच्या जनरेटरला ऑटो स्टार्ट आहे का? नव्या गाड्यांत असतो. बॅटरी उतरली किंवा आतलं तापमान वाढलं की जनरेटर आपोआप सुरू होतो. सोय चांगली आहे. पण पंपावर तुम्ही जनरेटर बंद करता, एसी थांबतो, आत गरम व्हायला लागतं, आणि नोझल टाकीत असतानाच तो स्वतःहून सुरू होतो. म्हणून नुसतं स्टॉपचं बटण दाबून चालत नाही. पॅनलवर ऑटो काढून ऑफवर ठेवावं लागतं. भाड्याची गाडी घेताना हा स्विच कुठे आहे ते मालकाकडून हात लावून बघून घ्या.

आणि पंप दिसल्यावर खटकन बंद करू नका. चालू एसीवर, म्हणजे लोडवर, जनरेटर एकदम बंद केला की त्याचा पंखाही थांबतो आणि वाइंडिंगमधली, म्हणजे आतल्या तारांच्या वेटोळ्यांतली, धग आतच कोंडते. माझ्याकडे येणाऱ्या जळक्या आल्टरनेटरपैकी, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागांपैकी, बरेच अशाच सवयीचे बळी असतात. पंप यायच्या पाच मिनिटं अलीकडेच एसी, गिझर, इंडक्शन बंद करा. जनरेटरला दोन-तीन मिनिटं रिकामं चालू द्या, मग बंद करा, ऑटो काढा. गॅसवर चालणारा फ्रिज किंवा गिझर असेल तर त्याची ज्योत विझवा आणि सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवून बंद करा. ती ज्योत लोक हमखास विसरतात.

ज्यांच्याकडे उचलून नेता येणारा छोटा पेट्रोल जनरेटर आहे, त्यांच्यासाठी वेगळं. त्याची रचना नीट बघा. टाकी वर, इंजिन खाली, सायलेन्सर बाजूला. भरताना चार थेंब सांडले तर उतार त्यांना थेट तापलेल्या पत्र्याकडे नेतो. बंद केल्याबरोबर झाकण उघडू नका. 15-20 मिनिटं थांबा, तळहात सायलेन्सरजवळ नेला तर धग लागता कामा नये. जनरेटर डिकीत किंवा गाडीच्या आत ठेवून कधीच भरायचा नाही. उचलून जमिनीवर ठेवा, कॅन धातूचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला घ्या, पाण्याची बाटली नको. काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. सांडलंच तर फडक्यानं टिपा, ते फडकं दूर नेऊन टाका, आणि वास पूर्ण जाईपर्यंत जनरेटर सुरू करायची दोरी ओढू नका. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते पाणी शोषून घेतं. सहल झाली की टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही दोरी ओढून थकाल आणि मग मला फोन कराल.

आता ज्या गोष्टीमुळे मला झोप लागत नाही, तिच्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी घोडबंदरला एका शूटिंगच्या व्हॅनमध्ये रात्री आम्ही लोड टेस्ट, म्हणजे एसी वगैरे लावून जनरेटरची तपासणी, करत होतो. मी आणि माझा हेल्पर, वीस वर्षांचा पोरगा. दारं बंद, एसी चालू. तासाभरानं तो म्हणाला, डोकं जड झालंय. मी म्हटलं, उपाशी आहेस, पित्त झालं असेल. मग त्याला मळमळायला लागलं. आमच्याबरोबरचा ड्रायव्हर म्हणाला, ह्याला गाडी लागली. उभ्या गाडीत गाडी लागत नाही, हे तेव्हा आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. आम्ही त्याला आलं चघळायला दिलं. मग माझंच डोकं ठणकायला लागलं आणि मी दार उघडून खाली उतरलो. थंड हवेत दहा मिनिटांत बरं वाटलं, आणि तेव्हा लख्ख कळलं. पोरालाही ओढून बाहेर काढलं. सकाळी गाडीखाली गेलो. एक्झॉस्टचा लवचीक पाइप भेगाळला होता. वर जाणाऱ्या वायरींसाठी फ्लोअरला पाडलेलं भोक तसंच उघडं होतं. ते भोक मी अंगठ्यानं चाचपून बघितलं. अंगठा आरपार गेला.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट धरतो, म्हणून श्वास चालू असूनही शरीर गुदमरतं. आणि ऑक्सिमीटर त्याला फसतो. कोविडात आपण सगळ्यांनी बोटाला लावायचं ते यंत्र घेतलं. या विषबाधेत ते 98 दाखवू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडनं धरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच वाटतं. आकडा बघून धीर धरू नका.

डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. तपासात निघालं की जनरेटरचा वायू गाडीच्या फ्लोअरच्या भोकातून आत आला होता. ती बातमी वाचली तेव्हा मला माझा अंगठा आठवला.

म्हणून गाडीत दोन-तीन जणांचं एकदम डोकं दुखलं, मळमळलं, पेंग यायला लागली, तर पित्त म्हणू नका, गाडी लागली म्हणू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग जनरेटर बंद करा, आणि 108 ला फोन करा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जनरेटर चालू होता. दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजन दिला की हा वायू रक्तातून तासा-दीड तासात निम्मा होतो. नुसत्या हवेत चार-पाच तास लागतात.

धूर ओळखणारा अलार्म इथे उपयोगाचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचाच हवा. या अलार्मचं अमेरिकी मानक असं आहे की 70 पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 70 भाग झाले की, तो एक ते चार तासांत वाजतो आणि 400 ला चार ते पंधरा मिनिटांत. झोपायच्या जागेजवळ लावा, दर सहलीआधी टेस्टचं बटण दाबा, पाठीमागे छापलेली मुदत बघा. आणि जनरेटर चालू ठेवून झोपू नका. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणून भागत नाही. उलट चालत्या गाडीत मागची खिडकी उघडली की गाडीमागे जी पोकळी तयार होते, तिथला धूर आत ओढला जातो. चालताना हवा हवी असेल तर पुढच्या काचा उघडा.

माणगावला तास-तास अडकणं तुम्हाला नवं नाही. तिथे बाजूला ट्रक, मागे एसटी, वारा पडलेला, आणि आपला पाइप आपल्याच गाडीखाली धूर सोडतो. अशा वेळी लेकरं घामेजली तरी जनरेटर बंद ठेवा, दारं उघडा, खाली उतरवा. भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला खेटून उभं राहू नका, धूर परत येतो. उंच वाळक्या गवतातही उभं राहू नका, तापलेला पाइप गवत पेटवतो.

ऐरोलीच्या त्या तरुणानं परतल्यावर गाडी माझ्याकडे तपासायला आणली. त्याच्या फ्लोअरलाही वायरींचं एक भोक उघडं होतं. आम्ही ते आगरोधक सीलंटनं बुजवलं, एक्झॉस्टच्या क्लॅम्पा बदलल्या, अलार्म बसवला. मग मी जनरेटरच्या पॅनलची छोटी किल्ली काढून त्याच्या गाडीच्या किल्लीच्याच रिंगमध्ये घातली. पंपावर मुलानं "बंद करा" म्हटलं की त्याच्या हातात आता दोन किल्ल्या असतात.

नमस्कार.