पेटीतली माती

(इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘व्हिटबी आणि ड्रॅक्युला’ असं छापलंय. विषय मीच दिला होता, सप्टेंबरात. समुद्रकाठच्या व्हिटबी गावाला ऑगस्टमध्ये गेलेल्या आपल्या सहलीचे फोटो दाखवायचे, कादंबरीची गोष्ट सांगायची आणि तुम्हाला फराळाला मोकळं करायचं, असा बेत होता. पण तीन आठवड्यांपूर्वी आमच्या गॅरेजमध्ये जे झालं त्यानंतर ते भाषण काही माझ्याच्याने होईना.

दिवाळीची साफसफाई काढली होती. मागच्या भिंतीला लागून सहा खोकी आहेत. लीड्सला आलो तेव्हा बोटीने मागवलेली. आईने दिलेले पितळी डबे, यांची शाळेतली प्रशस्तिपत्रकं, सासऱ्यांचं पंचांग, माझ्या लग्नातला रुखवताचा रुमाल. हे म्हणाले, “इतक्या वर्षांत एकदाही उघडली नाहीस, आता टाकून देऊ.” मी म्हटलं, हात लावायचा नाही. मग आवाज चढले. शेजारच्या घरातला दिवा लागला, इतके चढले. तेवढ्यात लक्ष गेलं, दारात लेक उभी होती. चौदा वर्षांची आहे. सहलीत घेतलेलं पुस्तक हातात, बोट पानात घातलेलं. ती शांतपणे म्हणाली, “आई, पन्नास व्हायला अजून किती राहिलीत?”

ज्यांनी ड्रॅक्युला वाचलंय त्यांना कळलं असेल. ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत त्यांच्यासाठी सांगते. काउंट ड्रॅक्युला, म्हणजे तो रक्त पिणारा उमराव, ट्रान्सिल्व्हेनियाहून इंग्लंडला यायला निघतो तेव्हा सोबत पन्नास पेट्या घेतो. सोनं नाही, कपडे नाहीत, पन्नासही पेट्यांत माती. आपल्या गावची, पूर्वजांना जिच्यात पुरलं ती माती. विश्रांती घ्यायची तर त्याला त्या मातीवर पाठ टेकावीच लागते. लंडनात कितीही मोठा वाडा घेतला तरी झोप येणार ती गावच्याच मातीत.

व्हिटबीला आपण त्या १९९ पायऱ्या चढलो ते आठवतंय ना? निम्म्या वाटेवर पाऊस आला, जोशीकाकूंचं थालीपीठ समुद्रपक्ष्याने हातातून उचललं, वर सेंट मेरीच्या आवारात आपण सगळे झिजलेल्या थडग्यांमध्ये डबे उघडून बसलो. चर्चमध्ये पाटी होती, ‘ड्रॅक्युलाचं थडगं कुठे आहे असं कृपया विचारू नये’. ते आहेच कुठे! हा माणूस ब्रॅम स्टोकर या लेखकाने १८९० साली कागदावर जन्माला घातला. त्या उन्हाळ्यात व्हिटबीच्या वाचनालयात स्टोकरला विल्किन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं १८२० चं पुस्तक मिळालं, आणि त्यात ‘ड्रॅक्युला’ हे नाव. तोवर त्याच्या टिपणांत या पात्राचं नाव ‘काउंट वॅम्पायर’ होतं. खाली टेट हिलच्या किनाऱ्यावर १८८५ साली ‘दिमित्री’ नावाचं रशियन जहाज वादळात येऊन आदळलं होतं, रुपेरी वाळू भरलेलं. कादंबरीत तेच ‘डिमीटर’ होतं. वाळू तीच, फक्त वाळूबरोबर मातीच्या पेट्या आल्या, आणि सुकाणूला हात बांधलेला मेलेला कप्तान. जहाज लागताच एक मोठा कुत्रा किनाऱ्यावर उडी मारतो आणि त्याच पायऱ्यांच्या दिशेने अंधारात नाहीसा होतो. आपण बसलो होतो तिथे.

स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेलाच नाही. तो डब्लिनचा. १८७८ साली एकतिसाव्या वर्षी लंडनला आला आणि सत्तावीस वर्षं लायसियम नाटकगृहाचा कारभार पाहिला. म्हणजे तोही बाहेरूनच आलेला. मला वाटतं म्हणूनच त्याच्या काउंटचं इंग्लंडला येणं इतकं खरं वाटतं.

ती पहिली चार प्रकरणं घरी जाऊन वाचाच. जोनाथन हार्कर हा तरुण इंग्रज वकील काउंटच्या किल्ल्यात पोचतो, आणि त्याला काय दिसतं? इंग्लंडचे नकाशे, कायदेपुस्तकं, लंडनच्या पत्त्यांची डायरी. एके संध्याकाळी काउंट कोचावर आडवा होऊन रेल्वेचं वेळापत्रक वाचत पडलाय! घरात एकही नोकर नाही. दाराच्या फटीतून हार्करला दिसतं की हा उमराव स्वतःच पाहुण्याचं अंथरूण घालतोय, टेबल मांडतोय. तो हार्करला विनवतो की माझ्याशी बोलत राहा, माझे उच्चार चुकले तर सांग. माझ्या गावात मला सगळे ओळखतात, म्हणतो, पण तिथे मी परका. मला एवढंच हवंय की मला पाहून कुणी थबकू नये, माझं बोलणं ऐकून कुणी मध्येच थांबू नये.

मंडळी, हा राक्षस आहे. तो पोत्यात घालून एक तान्हं मूल आणतो आणि काय करतो ते मी इथे मुलांसमोर सांगणार नाही. त्याची बाजू घ्यायला मी उभी नाही. पण ते उच्चारांचं वाचताना मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आल्यावर पहिलं वर्षभर मी दवाखान्यात फोन करण्याआधी वाक्यं कागदावर लिहून काढायचे. पलीकडून “पार्डन?” आलं की तोच कागद पुन्हा वाचायचा. या सभागृहात असा कागद कुणाकुणाच्या खिशात होता ते मला माहीत आहे.

हे पुस्तक १८९७ च्या मे महिन्यात आलं, आणि तेव्हापासून आजवर त्याची छपाई कधी थांबलेली नाही. का टिकलं? दातांमुळे नाही. दात पुस्तकातही आहेत, पण उंच कॉलरचा काळा झगा, उन्हात जळून राख होणं हे नंतर नाटक-सिनेमावाल्यांनी जोडलं. पुस्तकातल्या काउंटला पांढऱ्या जाड मिश्या आहेत आणि तो भर दिवसा लंडनात हिंडतो. त्या काळच्या वाचकाला भीती होती ती येणाऱ्या माणसाची. आपल्याच लीड्समध्ये, लेलँड्सच्या गल्ल्यांत तेव्हा पूर्व युरोपातून आलेले ज्यू शिंपी दाटीवाटीने राहत होते. आठ वर्षांनी, १९०५ साली, परदेशी माणसांना अडवणारा कायदाही झाला. ती भीती जुनी झालेली नाही. रोज बातम्या लावल्या की तीच असते.

आणि एक उंबरठा. घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय काउंटला आत येता येत नाही. तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभं राहिलं की आजी ओरडायची, त्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

लेक त्या रात्री पुन्हा आली. म्हणाली, “त्याची सगळी शक्ती त्या मातीत आहे ना? पण त्याला पकडतात ते पण मातीमुळेच.” खरं आहे. हार्कर आणि त्याचे सोबती मिळून एकेक पेटी शोधतात, तिच्यात चर्चमधल्या प्रसादाची चतकोर ठेवतात, की ती माती त्याला निकामी. एकोणपन्नास जातात. उरलेल्या एका पेटीत पडून तो घराकडे पळतो, आणि किल्ला नजरेत असतानाच त्याच पेटीत मारला जातो. मी म्हटलं, हो गं. मग ती म्हणाली, “तुझी सहा खोकी आहेत. बाबांची पण आहेत, ते बोलत नाहीत फक्त. पण मी तर इथेच जन्मले. मग मला कुठली माती लागेल?”

मी म्हटलं, झोप आता, उशीर झालाय.

चांदोबातला वेताळ आठवतो? विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगायची, शेवटी प्रश्न घालायचा, आणि उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होऊन तुझ्याच पायाशी लोळतील. त्या रात्री मला तो धाक नव्हता, कारण मला उत्तर माहीतच नव्हतं. आजही नाही. एक गंमत सांगते. याच वेताळाच्या गोष्टी रिचर्ड बर्टनने १८७० साली इंग्रजीत नेल्या, त्याही ‘वॅम्पायर’ म्हणून, आणि स्टोकर या बर्टनला भेटलेला होता. बोलताना बर्टनचा सुळा कसा चमकायचा हे त्याने आठवणींत लिहून ठेवलंय.

पण आपला वेताळ स्वतः बोलतो. काउंट बोलत नाही, हे मला या वेळी वाचताना पहिल्यांदा जाणवलं. अख्खी कादंबरी म्हणजे रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं. हार्कर लिहितो, त्याची बायको मीना लिहिते, तिची मैत्रीण ल्यूसी लिहिते, डॉक्टर सीवर्ड बोलून ठेवतो. काउंटच्या हातच्या सुरुवातीच्या एक-दोन छोट्या चिठ्ठ्या सोडल्या तर त्याच्या बाजूने एक पान नाही. तो कोण, कशाला आला, हे सगळं त्याच्याविषयी इतरांनी लिहिलेलं. त्याचं शेवटचं पानही मीनाच लिहिते, आणि मरताना त्याच्या चेहऱ्यावर शांती दिसली असं तीच नोंदवते.

आता मीनाकडे येते, कारण आज मला खरं तिच्याविषयी बोलायचंय. डॉक्टर सीवर्डची रोजनिशी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर आहे. महिनोन्‌महिने बोललाय बिचारा. पण मीना विचारते तेव्हा तो कबूल करतो, यातला अमुक भाग शोधायचा कसा ते मला माहीत नाही. ती सगळं कानाने ऐकते आणि टंकयंत्रावर उतरवते. एकदम तीन प्रती काढते. पुढे काउंट घरात शिरून हस्तलिखित जाळतो, नळकांडी आगीत टाकतो. तरी गोष्ट वाचते, कारण एक प्रत तिजोरीत असते. भाले, सुऱ्या, लसूण, क्रूस सगळं ठीक आहे. मला विचाराल तर त्या लोकांना तारलं ते टंकलेखनाने.

आमच्या सहाव्या खोक्यात मंडळाच्या अकरा कॅसेटी निघाल्या. मी चिटणीस होते तेव्हा सुरक्षित राहाव्यात म्हणून घरी आणल्या होत्या, आणि मग विसरले. हा दोष माझा. पण मंडळी, आज थोडं रागावू द्या. त्या कॅसेटींवर आपल्या पहिल्या पिढीतली माणसं बोललेली आहेत. साठच्या दशकात ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत रात्रपाळी केलेली, एका खोलीत सहा जण राहिलेली. त्यातले बहुतेक आज नाहीत. वार्षिक सभेत आपण दोनदा ठराव केला, की हे सगळं लिहून काढायचं. दोन्ही वेळा हात वर झाले, टाळ्या झाल्या, आणि चर्चा गणपतीच्या मखरावर गेली. आपल्या स्मरणिकेत जाहिराती असतात, पाककृती असतात, अध्यक्षांचं मनोगत असतं. आपण इथे कसे आलो, पहिल्या हिवाळ्यात काय वाटलं, कुणी दार उघडलं आणि कुणी उघडलं नाही, हे आपण आपल्या हाताने कुठे लिहिलंय? आपल्याविषयी लिहिणारे भरपूर आहेत, आपण मात्र नाही.

लेकीने धर्मादाय दुकानातून आठ पौंडांचा कॅसेट वाजवायचा यंत्र-डबा आणला. पहिली कॅसेट लावली. खरखर, खोकला, मग एका काकांचा आवाज. काकूंच्या परवानगीने सांगते, नाव सांगत नाही. ते गिरणीपासून सुरुवात करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सुरुवात केली कोकणातल्या घरापासून. आगोटीची तयारी, पडवीत टांगलेली इरली, आई भात कांडताना काय म्हणायची. गिरणी यायला पंचवीस मिनिटं लागली.

लेक लॅपटॉप घेऊन बसली. देवनागरी तिला जोडाक्षरांपाशी अडते, म्हणून तिने ऐकू आलं ते इंग्रजी लिपीत टाइप केलं. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. शनिवारच्या मराठी वर्गाला येताना जिला ओढत आणावं लागतं, ती मुलगी एक वाक्य सात-सात वेळा मागे नेऊन ऐकत होती. मी बटाटे सोलत होते. मध्येच ओरडून विचारायची, “आई, इरलं म्हणजे?” मी कोपऱ्यातलं वर्तमानपत्र डोक्यावर धरून, वाकून, भाताची लावणी करून दाखवली. ती हसली आणि प्रश्नचिन्ह पुसलं.

पहिल्या पानावर अकरा प्रश्नचिन्हं होती. सात मी सोडवली. उरलेले चार शब्द मी पुन्हा पुन्हा ऐकले, चिपळूणला आईला फोन लावून ऐकवले. तिलाही लागले नाहीत. काकूंनी ऐकलं, डोळे पुसले, म्हणाल्या, “हे त्यांच्या गावचं बोलणं. माझं गाव वेगळं.”

कॅसेट आणि तो डबा आज मी बरोबर आणलाय. जेवणाच्या रांगेच्या शेवटी, खिडकीपाशी टेबल आहे, तिथे लेक बसलेली असेल. सत्तरीच्या पुढच्यांनी आधी तिच्याकडे यावं. गुहागर-दापोलीकडच्यांनी तर जेवायच्याही आधी.