तिसरी किल्ली

नमस्कार मंडळी! आमच्या वाचनालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष परवा एकदाचे पायउतार झाले, चोवीस वर्षांनी. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं तर विचारूच नका, आणि दुसऱ्या दिवशी लाइटबिलाचा चेक काढायला बसलो तर काय, बँकेत सही अजून त्यांचीच चालते! मग पळापळ. धर्मादाय आयुक्तांकडं चेंज रिपोर्ट, म्हणजे माणसं बदलल्याची नोंद, द्यायचा, तोही ९० दिवसांच्या आत, त्याला ठरावाची प्रत लागते, आणि ठरावाचं रजिस्टर कुठाय म्हणाल तर अध्यक्षांच्या घरी, माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाखाली.

तर या गडबडीत मला आठवलं अमेरिकेतलं क्लीव्हलँड. तुम्ही म्हणाल हे कुठं आणि आपण कुठं, पण ऐका तर खरं. गावातल्या सगळ्यांनी आपापलं दान एकाच थैलीत टाकायचं आणि गावातल्याच मंडळींनी ते गरजेप्रमाणे वाटायचं, ही कम्युनिटी फाउंडेशनची पद्धत जगात पहिल्यांदा तिथं सुरू झाली, १९१४ च्या जानेवारीत. आपल्या मुंबईतही १९९१ साली तसाच एक ट्रस्ट निघाला, पण मूळ डोकं क्लीव्हलँडच्या फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्याचं. त्याचं दुखणं काय, तर माणूस मरताना लिहून ठेवतो की हा पैसा अमुक कामालाच, आणि काही वर्षांनी ते कामच उरत नाही. सेंट लुईसच्या एका माजी महापौरानं, ब्रायन मुलनफीनं, पश्चिमेकडं वस्ती करायला निघालेल्या गरीब प्रवाशांसाठी इस्टेटीतला तिसरा हिस्सा ठेवला होता. तो गेला १८५१ मध्ये. पुढं रेल्वे आली, बैलगाड्यांचे तांडे संपले, पैसा मात्र त्या प्रवाशांच्याच नावावर! गॉफ म्हणाला, मेलेल्या माणसाचा हात पैशावरून काढा.

मला विचाराल तर जिवंत माणसाचा हात काढणं त्याहून अवघड.

क्लीव्हलँडच्या त्याच फाउंडेशनचा रॉन रिचर्ड हा प्रमुख २०२३ मध्ये बाहेर पडला, वीस वर्षं काढून. आधी परराष्ट्र खात्यात, मग पॅनासॉनिकमध्ये, म्हणजे समाजसेवेतला वगैरे अजिबात नाही. पण त्याच्या काळात काय झालं बघा, शहरात मोठमोठी हॉस्पिटलं आणि युनिव्हर्सिटी, आणि त्यांच्या भिंतीला लागूनच बेकार, गरीब वस्त्या. तर यांनी असं जुळवलं की हॉस्पिटलांच्या चादरी त्या वस्तीतल्याच लोकांनी धुवायच्या, आणि लाँड्रीचे मालकही तेच, पगारातून थोडं थोडं कापून हिस्सा घ्यायचा. २००९ ला ही एव्हरग्रीन लाँड्री सुरू झाली. सगळंच काही जमलं नाही हं, शहरालगतच्या ईरी सरोवरात पवनचक्क्या उभारायच्या खटपटीत फाउंडेशन सुरुवातीपासून होतं, ते काम वर्षानुवर्षं रखडलं आणि रिचर्ड बाहेर पडला त्याच वर्षाच्या शेवटी गुंडाळलं.

पण मला भारी वाटलं ते त्यानं पद सोडण्याआधीचं. फाउंडेशनचं ऑफिस होतं डाउनटाउनमध्ये, थिएटरांच्या झगमगाटात. ते उचलून नेलं हफ वस्तीच्या शेजारी, जिथं १९६६ मध्ये दंगल पेटली होती. नवी बिल्डिंग उभी राहिली, आणि रिचर्डच्या खुर्चीत कोण बसलं, तर लिलियन कुरी, शिक्षणानं आर्किटेक्ट, बरीच वर्षं तिथंच काम केलेली. म्हणजे कागद कुठल्या कपाटात ते तिला कुणी सांगायला नको.

आता आमच्याकडं या. शेवटी अध्यक्ष स्वतः आले, हातात स्टीलचा डबा, वरती बारशाची तारीख कोरलेला. आत शिक्का, शाईचं वाळलेलं पॅड, दोन जुनी पासबुकं आणि तीन किल्ल्या. म्हटलं काका, एक दाराची, एक कपाटाची, ही तिसरी कशाची? ते बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. म्हणाले, "अगं, माझ्या आधीच्यांनी दिली होती ती, मीही त्यांना विचारलं नव्हतं." आणि डब्यात परत ठेवून दिली.