बोर्ड म्हणजे आधी एक फळी

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. आईला घेऊन स्वित्झर्लंडला निघाली होती. हॉटेलच्या बुकिंगचा कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘‘सर, इथे हाफ बोर्ड लिहिलंय. बोर्ड म्हणजे फळा, नाहीतर दहावीचं बोर्ड. हे अर्धं बोर्ड कसलं?’’ तिने शब्दकोश पाहिला होता. फळा, मंडळ, पुठ्ठा, जेवणखाण, जहाजाची बाजू असे अर्थ एकाखाली एक दिसले आणि ती आणखीच गोंधळली. म्हणून आज या एका शब्दावरच बोलतो.

सुतार रंधा मारून बाजूला ठेवतो ती लांब फळी डोळ्यांसमोर आणा. जुन्या इंग्रजीतला ‘बोर्ड’ म्हणजे तीच. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोठ्या वाड्यांतसुद्धा जेवणाचं टेबल अनेकदा तात्पुरतं मांडायचे. लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, वर कापड अंथरायचं, आणि जेवणं उरकली की सगळं उचलून ठेवायचं. त्यामुळे फळीचं झालं टेबल आणि टेबलाचं झालं त्यावरचं जेवण. आपण ‘पानं वाढली आहेत, चला’ म्हणतो, तेव्हा पान आणि जेवण असेच एक होऊन जातात. ‘बोर्ड अँड लॉजिंग’मधला बोर्ड हाच. हाफ बोर्ड म्हणजे खोलीच्या भाड्यात सकाळचा नाश्ता आणि एक जेवण, बहुधा रात्रीचं. फुल बोर्डात दोन्ही जेवणं.

आणि हा अर्थ आपल्याला परका मुळीच नाही. बोर्डिंग हा शब्द आठवा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं तिथे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढलं. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली. खेड्यातल्या हुशार मुलापुढे पहिली अडचण असायची ती शहरात दोन वेळा जेवायचं कुठे, ही. तिचं उत्तर त्या शब्दाच्या पोटातच आहे. आज आपण बोर्डिंग म्हटलं की राहण्याची खोली डोळ्यांपुढे आणतो, पण शब्द सांगतो ती जेवणाची सोय. मला हा शब्द फार जवळचा वाटतो तो यासाठी.

त्याच टेबलाभोवती कामकाजाला बसलेल्या माणसांनाही पुढे बोर्ड म्हणू लागले. आपण त्याला मंडळ म्हणतो. इंग्रजीच्या नजरेत मधलं टेबल भरलं, आपल्या नजरेत भोवतीचं वर्तुळ. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या जुन्या लोकल बोर्डांच्या जागी जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या, तरी त्यानंतरही कितीतरी वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘लोकल बोर्डाची शाळा’च होती. आणि लाकडापासून माणसांपर्यंतची ही वाट मराठी फळीनेही धरली आहे. कार्यकर्त्यांची दुसरी फळी, फलंदाजांची मधली फळी हे आपण रोज बोलतो.

जहाजाची गोष्ट जरा निराळी. कड, बाजू या अर्थाचा सारख्याच उच्चाराचा दुसरा एक जुना शब्द होता. तो यात मिसळून गेला. पूर्वी जहाजाचं सुकाणू म्हणजे उजव्या अंगाला बांधलेलं मोठं वल्हं असायचं. ती सुकाणूची बाजू म्हणून ‘स्टारबोर्ड’. त्यातल्या ‘स्टार’चा ताऱ्याशी काही संबंध नाही, तो ‘स्टीअर’चा भाऊ. डावी बाजू ‘लारबोर्ड’. आता वादळात, शिडांच्या फडफडाटात हे दोन शब्द ओरडून पाहा! ऐकण्यात गफलत होई, म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून ‘पोर्ट’ हा शब्द लावून दिला. आपल्या हातातला बोर्डिंग पास या जहाजी घराण्यातला आहे. जेवणाच्या बोर्डिंगशी त्याचं नातं जोडू नका.

आणखी दोन शब्द सांगतो, कारण त्यांत फळी अजून दिसते. आपण ज्याला कबर्ड म्हणतो, त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘कप’ आणि ‘बोर्ड’ स्पष्ट आहेत. आधी ती पेले मांडायची उघडी फळी होती, दारं मागाहून आली. डॅशबोर्ड म्हणजे घोडागाडीच्या पुढची आडवी फळी. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून ती लावत. घोडे गेले, फळी मोटारीत राहिली, आणि आता आकडे दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्यालाही तेच नाव मिळालं.

वापरताना मात्र एका बारीक जागी जपा. ‘ऑन बोर्ड’ म्हटलं तर माणूस जहाजात किंवा विमानात आहे. मध्ये ‘द’ घालून ‘ऑन द बोर्ड’ म्हटलं तर तो संचालक मंडळावर आहे, नाहीतर त्याचं नाव फळ्यावर लिहिलेलं आहे. ‘द’ आहे की नाही एवढ्यावर माणसाची जागा बदलते. माझ्या वर्गात अनेक वर्षं हीच चूक सर्वांत जास्त व्हायची, कारण आपल्या भाषेत ‘द’सारखं काही नाही, आणि जे आपल्याकडे नाही ते कानाला लवकर ऐकू येत नाही. यावर एक उपाय मला लागू पडलेला दिसला: वाक्य मोठ्याने वाचायचं आणि माणूस नेमका कुठे आहे ते बोटाने दाखवायचं, जहाजात, खुर्चीवर की फळ्यावर.