कोवळा, जून, निबर

[दृश्य: भाजी मंडई. भेंडीचं टोक मोडून बघणारी बोटं.]

टोक कटकन मोडलं तर भेंडी कोवळी. नुसतंच वाकलं तर जून. जून म्हणजे संस्कृतातलं ‘जीर्ण’, प्राकृतातून घासत आलेलं. आणि कोवळी?

मूळ शब्द ‘कोमल’. बोलता बोलता मधला ‘म’ विरघळला आणि त्याचा नाकात घुमणारा ‘व’ झाला. ग्रामाचं गाव झालं, आमलकाचा आवळा झाला, श्यामल सावळा झाला, तसंच हे. 1962 चे लेखननियम येईपर्यंत ‘कोंवळा’, ‘गांव’ असं लिहायची पद्धत होती. तो अनुस्वार म्हणजे विरघळलेल्या ‘म’ची खूण.

[दृश्य: पोथीचं पान.]

ज्ञानेश्वरी 1290 सालची. तिच्या सहाव्या अध्यायात मराठी बोलाची थोरवी सांगताना ज्ञानदेव ‘कोंवळीक’ हाच शब्द घेतात. या अक्षरांच्या कोवळिकेपुढे नादाचे रंगही थोडे वाटावेत, असं म्हणतात. भाषेला स्पर्श असतो, हे मराठीनं इतक्या आधी ओळखलं होतं!

[दृश्य: बाळाचा तळवा. आंब्याची तांबूस पालवी.]

मऊ आणि कोवळं एक नव्हे. गादी मऊ असते, लोणी मऊ असतं. त्यांना कोवळं कुणी म्हणत नाही. कोवळं तेच, जे अजून वाढायचं आहे आणि पुढे जून होणार आहे. पालवी, काकडी, सकाळचं ऊन, बाळाची कांती. बाळाच्या कातडीचा वरचा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो, लगेच दुखावतो. म्हणून ‘अजून कोवळा आहे हो तो’ असं म्हणताना मायेबरोबर थोडी धास्तीही असते. पन्नाशीच्या माणसाचं मन फार तर हळवं. कोवळं हे वयाचंच लेणं.

[दृश्य: कोयता धरलेला हात, जवळून.]

आता निबर. कोयता, खुरपं, दोर यांच्या घर्षणानं तळहातावर केराटिन या टणक प्रथिनाचा जाड थर चढतो, घट्टे पडतात. निबर हातात काहीच कमीपणा नाही. आतलं मांस सोलवटू नये म्हणून कातडीनं केलेली ती तजवीज आहे. माणूस निबर झाला म्हणतो, तेव्हा मात्र तक्रार असते: याला आता काही लागतच नाही. हातासाठी जे संरक्षण, तेच मनाला चढलं की दुसऱ्याचं दुःख आत पोचत नाही.

[दृश्य: उसाचा फड.]

पावसाळा सरला की बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. अनेकांची पोरंही फडावर जातात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतं, कुणी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतं, कुणी मोळी बांधायला हात लावतं. शाळेच्या पटावर नाव असतं, वय कोवळंच असतं, आणि हंगाम संपेपर्यंत तळहात निबर झालेले असतात.